रिमोटवरच्या नंबरामागचा तक्ता

केबलच्या कंट्रोल रूममध्ये पाहुणा आला की त्याला आधी गच्चीवरच्या डिश दाखवतात, मग रॅकमधले रिसीव्हर. सगळा कारभार ज्याच्यावर चालतो तो मात्र एक तक्ता असतो. त्याचं नाव नेटवर्क इन्फर्मेशन टेबल, तंत्रज्ञांच्या तोंडी ‘एनआयटी’.

मुंबईत डिजिटल केबल सक्तीची झाली २०१२च्या ऑक्टोबरअखेर. पुणे, नाशिक, नागपूरसाठी मुदत होती ३१ मार्च २०१३. त्याआधी एका फ्रिक्वेन्सीवर एकच चॅनेल असायचं आणि टीव्ही ते थेट पकडायचा. आता ८ मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यातून सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट माहिती धावते. त्यात अनेक चॅनेल १८८ बाइटच्या पाकिटांत कापून, एकमेकांत मिसळून पाठवलेली असतात. प्रत्येक पाकिटावर ० ते ८१९१ यांपैकी एक क्रमांक असतो. १६ हा क्रमांक एनआयटीसाठी राखून ठेवलेला आहे.

सेट-टॉप बॉक्स सुरू झाला की ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सीवर जातो, १६ क्रमांकाची पाकिटं उचलतो आणि तक्ता वाचतो. नेटवर्कमधला कोणता प्रवाह कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, कुठल्या वेगाने येतो ते त्याला तिथे कळतं. रिमोटवरचा कोणता नंबर कोणत्या चॅनेलचा, हेही बहुतेक ठिकाणी याच तक्त्यात लिहिलेलं असतं. त्यामुळे चॅनेल एका प्रवाहातून दुसऱ्यात हलवलं तरी घरातल्या माणसाला पत्ता लागत नाही. त्याचा नंबर तोच राहतो.

खरी कसोटी लागते ती चॅनेल हलवतानाच. तक्त्यावर ० ते ३१ यांपैकी एक आवृत्ती क्रमांक असतो. मजकूर बदलला की तो एकाने वाढवायचा, ३१ नंतर पुन्हा ० पासून. तो वाढवायचा राहिला, तर चालू असलेला बॉक्स ‘हे वाचून झालंय’ असं धरून नवा मजकूर घेतच नाही. ज्याने बॉक्स बंद करून पुन्हा लावला त्याला चॅनेल दिसतं, त्याच मजल्यावरच्या शेजाऱ्याकडे काळा पडदा. तक्रारींचे फोन सुरू होतात, वायरमन खांबावर चढतो आणि वायरीत काहीच सापडत नाही. इतक्या नाजूक कामाची नोंदवही प्रत्येक कंट्रोल रूममध्ये असलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१७च्या नियमांनुसार एका प्रकारातली एकाच भाषेची चॅनेल ओळीने लावावी लागतात आणि एकदा दिलेला नंबर किमान वर्षभर बदलता येत नाही. मला हा नियम मोलाचा वाटतो. डोळे अधू झालेली आजी स्क्रीनवरची यादी वाचत नाही, ती नंबर पाठ करते.

तुमच्याकडे एखादं चॅनेल अचानक गेलं, तर नव्या बॉक्सचे पैसे मोजण्याआधी जुन्याचा प्लग काढून पुन्हा लावा. चॅनेल परत आलं, तर तसं केबलवाल्याला आवर्जून कळवा. चूक कुठे शोधायची ते त्याला लगेच समजेल.