कोरा सातबारा

सकाळी ९.३० : पक्षकार ऑफिस उघडायच्या आधीच पायरीवर. दीड एकर जिराईत घ्यायचीय, इसाराची घाई. “वकीलसाहेब, सातबारा कोराय. मोबाइलवर पाहिलाय मी.” विकणाऱ्याचा धंदा विचारला. खत-बियाण्यांचं दुकान. दुकान म्हटलं की उधारी आली, उधारीमागून दावा.

१०.४५ : दुय्यम निबंधकांचं कार्यालय. तीस वर्षांची सूची दोन चाळली. एक गहाणखत, तेही फिटलेलं. लिस पेंडन्सची नोटीस नाही. असायचीही नाही, ती जमिनीच्या हक्काच्या दाव्यात लागते, पैशाच्या नाही.

१२.०० : तलाठी. फेरफार स्वच्छ, इतर हक्कांत रेघही नाही. चहा.

१.१५ : दिवाणी न्यायालय. माझ्या सर्चचा खरा दिवस इथे सुरू होतो, आणि बरेच जण इथवर येतच नाहीत. न्यू जर्सीत पैशाचा निकाल वरिष्ठ न्यायालयाच्या नोंदीत चढला, की हरलेल्याच्या राज्यभरातल्या स्थावरावर बोजा म्हणून आपोआप बसतो. आपल्याकडे नुसता हुकूमनामा जमिनीला शिवत नाही. बारा वर्षांच्या आत अंमलबजावणीची दरखास्त लावायची, जप्ती आणायची, मग तो जमिनीला चिकटतो. ई-कोर्टवर नावाचं एक अक्षर चुकलं तरी दरखास्त सापडत नाही, म्हणून कारकून भाऊसाहेबांना नोंदवही काढायला लावली. सापडली. कंपनीची थकबाकी, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २१ नियम ५४ खाली जप्ती, हाच गट नंबर.

३.३० : बेलिफ व्हरांड्यातच भेटले. “ढोल वाजवून पुकारा केला की! ग्रामपंचायतीत कागद लावला, बांधावरही लावला.” म्हणजे अख्ख्या गावाला ठाऊक, ठाऊक नाही ते सातबाऱ्याला आणि माझ्या पक्षकाराला.

५.०० : पक्षकाराला समजावलं. त्याच संहितेचं कलम ६४. जप्तीनंतरची खासगी विक्री जप्तीमागच्या येण्यापुरती निरर्थक. खरेदीखत नोंदवून मिळालं, नाव लागलं, तरी उद्या तीच जमीन लिलावात निघेल. वाट एकच : मोबदल्यातून हुकूमनाम्याची रक्कम खर्चासकट थेट न्यायालयात भरायची, जप्ती उठल्याचा आदेश हातात घ्यायचा, उरलेले पैसे मग विकणाऱ्याला. तो गप्प. मग म्हणाला, “पण माणूस चांगलाय हो.” असेलही. मी माणसाचा सर्च घेत नाही.

६.१५ : अहवालावर सही केली. खरेदीखताचा मसुदा टायपिस्टकडून परत मागवला.