सांध्याच्या अस्तराची सहा दशके

१९६० च्या दशकाच्या अखेरीस सांध्याचे आतले अस्तर म्हणजे वंगण पुरवणारा आणि बाहेरून आलेला दाह सोसणारा एक पडदा, अशीच समजूत बहुधा प्रचलित होती. वास्तविक १९६२ मध्येच बारलँड, नोव्हिकॉफ आणि हॅमरमन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने या अस्तरातील दोन प्रकारच्या पेशी वेगळ्या ओळखल्या होत्या: सांध्यातील टाकाऊ कण गिळणाऱ्या भक्षक पेशी, आणि सांध्यातील द्रवाला चिकटपणा देणारे हायलुरोनिक आम्ल तयार करणाऱ्या तंतुजनक पेशी, ज्यांना फायब्रोब्लास्ट म्हणतात. मात्र या पेशी दाहाचे नियमनही करतात, हे उमगायला पुढची कित्येक वर्षे जावी लागली.

शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते त्या आमवातात, एरवी एक ते तीन थरांचे असलेले हे अस्तर दहा थरांच्याही पुढे जाते आणि हाडाच्या टोकावरील गुळगुळीत कूर्चा पोखरू लागते. लंडनमध्ये फेल्डमन आणि मैनी यांच्या गटाने १९८९ मध्ये रुग्णांच्या अस्तरातील पेशी वाढवून दाखवून दिले, की टीएनएफ हे एक संदेशक प्रथिन रोखले असता दाह भडकवणारे दुसरे महत्त्वाचे प्रथिनही कमी होते. १९९२ मध्ये त्यावर आधारलेले उपचार रुग्णांवर सुरू झाले, आणि रुग्णाच्या पदरात थेट काही टाकणारा या सगळ्या इतिहासातील टप्पा हाच म्हणावा लागेल. १९९६ मध्ये तर आमवाती फायब्रोब्लास्ट प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत रोपले असता, लसिका पेशींच्या मदतीवाचूनही ते मानवी कूर्चेत घुसतात, हे दिसून आले.

२०१९ मध्ये चित्र आणखी गुंतागुंतीचे झाले. उंदरांवरील प्रयोगांत अस्तराच्या पृष्ठभागावरील फायब्रोब्लास्ट हाडाची व कूर्चेची झीज घडवतात, तर त्याखालचे दाह पोसतात, असे आढळले; त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दाखवले, की काही भक्षक पेशी एकमेकींना घट्ट जोडून सांध्याभोवती तटबंदी उभी करतात आणि दाह आत शिरू देत नाहीत. २०२० मध्ये शमलेल्या आमवाताच्या रुग्णांत फायब्रोब्लास्टना दुरुस्तीकडे वळवणाऱ्या भक्षक पेशी सापडल्या. म्हणजे ज्या पेशींवर संशय होता, त्यांतल्याच काही रखवालदार निघाल्या.

इतर संधिविकारांत हीच यंत्रणा निराळी वागते. वातरक्तात, म्हणजे गाऊटमध्ये, युरिक आम्लाचे सुईसारखे स्फटिक भक्षक पेशी गिळतात, दाह एकाएकी भडकतो आणि बहुधा एक-दोन आठवड्यांत आपोआप निवतो. वयपरत्वे होणाऱ्या झिजेत कूर्चेचे तुकडे अस्तराला चिथावतात, पण दाह सहसा सौम्य राहतो. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत १९७३ मध्ये आणि पुन्हा २००६ च्या सुमारास महाराष्ट्रभर पसरलेल्या चिकुनगुन्यात ताप उतरल्यावरही काही रुग्णांचे सांधे महिनोन्‌महिने दुखत राहिले.

फायब्रोब्लास्टना थेट आवर घालणारे औषध अद्याप नित्य वापरात आलेले नाही. आमवाताचा उपचार आजही बहुतेक ठिकाणी मेथोट्रेक्झेट या जुन्या गोळीनेच सुरू होतो.