पत्ता कोठून मोजावयाचा?

ठाण्याच्या स्थानकांत कल्याणकडे जाणारी धीमी लोकल उभी असतांना "पुढचें स्थानक कोणतें?" असें कोणी विचारलें, तर "कळवा" हें उत्तर बरोबर ठरतें. तोच प्रश्न त्याच गाडींत डोंबिवलीस विचारला तर "ठाकुर्ली" असें सांगावें लागतें. कल्याणास तर गाडी कर्जतची कीं कसाऱ्याची हें कळल्यावांचून उत्तरच देतां येत नाहीं. कारण एका मार्गावर विठ्ठलवाडी येतें व दुसऱ्यावर शहाड. कोठून पुढें, हें ठरलें म्हणजेच "पुढचें" या शब्दाला अर्थ येतो. याच्या उलट प्रकार पिन कोडचा. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी योजिलेली ही पद्धति १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली, व तींत डोंबिवली पूर्वेस ४२१२०१ हा क्रमांक मिळाला. हा क्रमांक ठाण्यांत बसून लिहा किंवा नागपुरांत बसून लिहा, पत्र डोंबिवलीसच जावयाचें. पहिल्या प्रकारच्या पत्त्याला आपण सापेक्ष म्हणूं व दुसऱ्याला निरपेक्ष. श्रोतेहो, संगणकांतील फाइलींचे पत्तेहि याच दोन जातींचे असतात, आणि आपलें काम खिशांतील पेन ड्राइव्हवर घेऊन हिंडणाऱ्या माणसाला या दोहोंतील भेद ठाऊक असणें अगत्याचें आहे.

फाइलीच्या पत्त्याला पाथ म्हणजे मार्ग म्हणतात. फोल्डरांत फोल्डर अशी झाडासारखी रचना करण्याची कल्पना मल्टिक्स नांवाच्या प्रणालीसंबंधींच्या १९६५ सालच्या एका निबंधांत सविस्तर मांडली गेली. पुढें युनिक्स प्रणालींत एक टिंब म्हणजे "हाच फोल्डर" आणि लागोपाठ दोन टिंबें म्हणजे "एक पायरी वरचा फोल्डर" हा संकेत रूढ झाला. मायक्रोसॉफ्टच्या डॉस प्रणालींत फोल्डरांची ही उतरंड १९८३ सालीं, तिच्या दुसऱ्या आवृत्तींत, आली. तेथें मार्गाच्या आरंभीं तबकडीचें अक्षर असे, आणि विंडोजनें तीच चाल पुढें ठेविली. ए व बी हीं अक्षरें जुन्या फ्लॉपींचीं, सी हें मुख्य तबकडीचें, आणि बाहेरून जोडलेल्या पेन ड्राइव्हला सामान्यतः पुढचें जें मोकळें असेल तें.

गोम आहे ती येथेंच. हें अक्षर पेन ड्राइव्हच्या अंगावर कोरलेलें नसतें. तो ज्या संगणकाला जोडला जातो, तो संगणक तें देतो. घरीं त्याला ई मिळालें तर दुसऱ्या ठिकाणीं एफ मिळेल, तिसऱ्या ठिकाणीं जी. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून आपल्या पसंतीचें अक्षर नेमून देतां येतें हें खरें. परंतु ती नेमणूक त्या एका संगणकापुरतीच असते.

आतां एक उदाहरण घेऊं. डोंबिवलींतील एखाद्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे चिटणीस संस्थेचें सारें दप्तर एका पेन ड्राइव्हवर ठेवितात. सभासदांची आय नमुन्यांतील नोंदवही, सभांचीं इतिवृत्तें, देखभालीच्या पावत्या, सर्व तेथेंच. हिशेबतपासनीस ठाण्यास बसतात आणि छपाईचें दुकान कल्याणास आहे. म्हणून पेन ड्राइव्ह तिन्ही गांवीं फिरतो. फाइली हाताळण्यासाठीं त्यावर फाइल मॅनेजर आहे. क्रिस्टियान गिस्लर या स्विस गृहस्थांनीं १९९३ मध्यें विंडोज कमांडर या नांवानें बाहेर आणलेला व २००२ पासून टोटल कमांडर म्हणून ओळखला जाणारा प्रोग्रॅम, किंवा त्याच धर्तीचा विनामूल्य डबल कमांडर, या वर्गांतले. असे प्रोग्रॅम संगणकावर न बसवितां पेन ड्राइव्हवरूनच चालवितां येतात, आणि त्यांत आपल्या सोयीच्या आज्ञा बटणांच्या रूपानें मांडून ठेवितां येतात. चिटणिसांनीं दोन बटणें केलीं आहेत. एक दाबलें कीं निवडलेली फाइल "वाचक" या फोल्डरांतील प्रोग्रॅममध्यें उघडते; दुसरें दाबलें कीं निवडलेल्या फाइलींची प्रत "जतन" या फोल्डरांत जाते. दोन्ही आज्ञांत पत्ता घरच्या संगणकावर दिसला तसा, म्हणजे ई या अक्षरापासून, लिहिला आहे.

ठाण्यास पेन ड्राइव्हला एफ हें अक्षर मिळालें व तेथें ई कोणाचेंच नाहीं, अशी स्थिति असली तर बटण चालत नाहीं आणि "फाइल सांपडत नाहीं" असा निरोप येतो. हा त्रास झाला. पण तो प्रामाणिक त्रास आहे. कल्याणच्या दुकानांत ई हें त्या संगणकाच्याच तबकडीच्या दुसऱ्या भागाचें अक्षर असलें तर मात्र प्रकरण निराळें होतें. तेथें दुसरें बटण निमूटपणें चालेल. प्रत करण्याचीं कित्येक साधनें सांगितलेला फोल्डर नसल्यास स्वतःच निर्माण करतात. चिटणिसांना वाटेल कीं प्रत आपल्या खिशांत आली. ती असेल दुकानदाराच्या तबकडीवर, सभासदांच्या नांवपत्त्यांसकट. चुकीच्या पत्त्याचें पत्र परत आलें तर बरें म्हणावें; तें दुसऱ्याच्या घरांत पडलें आणि आपणांस कळलेंहि नाहीं, यांत खरा धोका आहे.

यावर उपाय म्हणून बहुतेक जण टिंबांकडे वळतात. दोन टिंबें, उलटी तिरकी रेघ, आणि पुढें "वाचक", एवढेंच लिहिलें म्हणजे अक्षराची कटकट संपली असें वाटतें. घरीं पहिल्याच खेपेस बटण चालतेंहि. थोड्या वेळानें इतिवृत्तांच्या फोल्डरांत शिरून तेंच बटण दाबावें, तों तें चालत नाहीं! याचें कारण असें कीं, नुसता सापेक्ष मार्ग प्रोग्रॅमच्या घरापासून मोजला जात नाहीं. तो चालू फोल्डरापासून मोजला जातो; आणि फाइल मॅनेजरमध्यें चालू फोल्डर म्हणजे बहुधा त्या क्षणीं आपण ज्याची यादी पाहत असतों तो. आपण फोल्डर बदलला कीं मोजणीचा आरंभ बदलला. "पुढचें स्थानक" म्हणतांना गाडी डोंबिवलीस आहे असें आपण धरून चाललों, आणि गाडी तर केव्हांच कल्याणास पोंचली, अशांतला हा प्रकार आहे.

तेव्हां हवा आहे तो असा आरंभबिंदु, कीं जो आपल्याबरोबर प्रवास करील, आणि आपण कोणता फोल्डर पाहत आहों यावर अवलंबून राहणार नाहीं. तो म्हणजे फाइल मॅनेजर स्वतः ज्या फोल्डरांत आहे तो. टोटल कमांडर सुरू होतांच आपल्या घराचा पत्ता एका नांवाखालीं नोंदवून ठेवितो. कमांडर व पाथ हे दोन शब्द रोमन मोठ्या अक्षरांत लिहावे, मध्यें अधोरेषा घालावी, आणि दोन्ही टोकांस टक्क्याचें चिन्ह द्यावें, कीं तें नांव तयार झालें. डबल कमांडरमध्येंहि हेंच नांव चालतें. आज्ञेंत हें नांव जेथें येईल तेथें त्या वेळचा खरा पत्ता घातला जातो. मग अक्षर ई असो वा जी.

चिटणिसांच्या पेन ड्राइव्हवर "दप्तर" फोल्डरांत "साधनें", "कागदपत्रें" व "जतन" असे तीन फोल्डर आहेत, आणि "साधनें" यांत "कमांडर" व "वाचक" आहेत असें समजूं. मग पहिल्या बटणाची आज्ञा अशी होईल: कमांडर-पाथ, तेथून दोन टिंबांनीं एक पायरी वर, मग "वाचक" व त्यांतील प्रोग्रॅमचें नांव. दुसऱ्या बटणासाठीं दोन पायऱ्या वर चढून "जतन" यांत उतरावयाचें. सापेक्ष मार्ग येथेंहि आहे. पण तो कोठून मोजावयाचा हें आज्ञेंतच सांगितलें आहे.

कांहीं बारीक गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. फोल्डरच्या नांवांत मोकळी जागा असेल, उदाहरणार्थ "सभा इतिवृत्त", तर संपूर्ण मार्ग दुहेरी अवतरणचिन्हांत घालावा. नाहींतर पहिल्या शब्दापाशींच पत्ता संपला असें संगणक समजतो. अक्षर गाळून नुसत्या उलट्या तिरक्या रेघेनें मार्गाचा आरंभ केला, तर तो चालू तबकडीच्या मुळापासून मोजला जातो. समोर सी तबकडी उघडी असतांना तो पेन ड्राइव्हवर पोंचणार नाहीं. बटणावरील चित्राचा मार्गहि तपासावा. आज्ञा सुधारूनहि चित्र जुन्याच पत्त्यावर राहिल्यामुळें बटण कोरें दिसतें.

निरपेक्ष पत्ता सर्वथा त्याज्य आहे, असें मात्र समजूं नये. जी वस्तु आपल्याबरोबर प्रवास करीत नाहीं, तिचा पत्ता प्रवाशापासून मोजण्यांत अर्थ नाहीं. शिवाय एका तबकडीवरून दुसऱ्या तबकडीवर जाणारा सापेक्ष मार्ग विंडोजमध्यें अस्तित्वांतच नाहीं. घरच्या संगणकावर प्रत ठेवावयाची असेल तर त्या तबकडीचें नांव घ्यावेंच लागतें. अशीं बटणें निराळीं ठेवून त्यांवर "फक्त घरीं" असें स्पष्ट लिहावें, हें उत्तम.

शेवटीं परीक्षेविषयीं. पुष्कळ जण सर्व दप्तराची नक्कल त्याच संगणकावर दुसरीकडे करून बटणें दाबून पाहतात, आणि तीं चाललीं कीं निश्चिंत होतात. ही परीक्षा फसवी आहे. मूळ पेन ड्राइव्ह जोडलेला असेपर्यंत जुना पत्ताहि जिवंत असतो, आणि नकलेंतील बटण गुपचूप मूळ फाइलीकडेच जातें. म्हणून पेन ड्राइव्हचें अक्षरच डिस्क मॅनेजमेंटमधून बदलावें, मुख्य फोल्डरचें नांवहि क्षणभर बदलून त्यांत एक मोकळी जागा घालावी, फाइल मॅनेजर नव्यानें सुरू करावा, आणि दोन-तीन निरनिराळ्या फोल्डरांत शिरून प्रत्येक बटण दाबून पाहावें. प्रत करणारें बटण पाहतांना एखादी निरुपयोगी फाइल घ्यावी, व ती खरोखर कोठें उतरली तें डोळ्यांनीं पाहून खात्री करावी.

चिटणीस बदलतात, संगणक जुने होऊन मोडींत जातात, आणि दप्तर मात्र पुढच्या माणसाच्या हातीं द्यावयाचें असतें. नव्या चिटणिसांना त्यांच्या संगणकावर तें पहिल्याच दिवशीं बिनचूक उघडतां यावें, आणि सभासदांची माहिती परक्याच्या तबकडीवर पडून राहूं नये, इतकें साधलें तर या दोन टिंबांचा व एका नांवाचा अभ्यास सार्थकीं लागला असें म्हणावयास हरकत नाहीं.