औषध होते, वाट नव्हती

अमेरिकेत शिकणाऱ्या माझ्या भाचीने दोन वर्षांपूर्वी तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचा फोटो पाठवला. भिंतीवर एक पेटी, आत नाकात फवारायचे औषध : नॅलोक्सोन. औषध पुस्तकांच्या शेजारी कसे येऊन बसले, हे शोधताना मी तिथल्या राज्यांच्या कायद्यांपर्यंत पोहोचलो.

हेरॉइन, फेंटानिल किंवा अफूवर्गातील वेदनाशामके प्रमाणाबाहेर घेतली की श्वास मंदावतो, मग थांबतो. नॅलोक्सोन मेंदूतल्या ज्या जागी ही द्रव्ये चिकटतात तिथून त्यांना हुसकावते आणि काही मिनिटांत श्वास परततो. त्याचा परिणाम तास-दीड तासात ओसरतो, म्हणून रुग्णालय टळत नाही. पण जीव तोवर वाचलेला असतो. जॅक फिशमन आणि मोझेस लेवेनस्टाइन यांनी १९६१ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. सरकारी मान्यता १९७१ची. तरी पुढे कित्येक वर्षे ते मुख्यतः रुग्णालयांत आणि रुग्णवाहिकांतच राहिले.

अडचण कायद्याच्या व्याकरणात होती. डॉक्टरची चिठ्ठी ज्याच्या नावाची, औषध त्याचेच. इथे तर ज्याला औषध हवे तो बेशुद्ध. देणारा हात आईचा, नाहीतर मित्राचा. या तृतीय पुरुषाला कायद्यात जागाच नव्हती. शिकागोत डॅन बिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून हे औषध थेट व्यसनींच्या हाती द्यायला सुरुवात केली. २००१ मध्ये न्यू मेक्सिकोने पहिला कायदा बदलला : औषध देणाऱ्या सामान्य माणसाला खटल्यापासून संरक्षण. मग काही राज्यांनी नातेवाइकांच्या नावे चिठ्ठी लिहिण्याची मुभा दिली. पुढे ‘स्थायी आदेश’ आला. पेनसिल्व्हेनियात २०१५ मध्ये राज्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी रेचल लेव्हिन यांच्या एका सहीने कोणालाही दुकानातून औषध घेता येऊ लागले. २०१७ पर्यंत पन्नासही राज्यांत या ना त्या स्वरूपाचा कायदा झाला.

दुसरी भीती पोलिसांची. मित्र निळा पडतोय, पण फोन केला तर आपल्याच खिशातली पुडी सापडेल! २००७ मध्ये न्यू मेक्सिकोनेच मदत मागणाऱ्याला अभय देणारा कायदाही प्रथम केला. मात्र हे अभय राज्यागणिक बदलते. बहुधा ते स्वतःपुरती पुडी बाळगण्यापुरतेच असते, विक्रीला लागू होत नाही. मरणाच्या दारात असलेल्या माणसाजवळ बसून ही कलमे कोण आठवणार?

मार्च २०२३ मध्ये फवारा चिठ्ठीविना विकायला केंद्रीय परवानगी मिळाली. दोन मात्रांची किंमत तेव्हा ४५ डॉलरच्या आसपास होती. फुटपाथवर झोपणाऱ्याकडे तेवढे कुठून असणार? त्याच्यासाठी ती वाचनालयातली पेटी.

फिशमन यांचा सावत्र मुलगा २००३ मध्ये हेरॉइनच्या अतिसेवनाने गेला. वडिलांच्या औषधाला मान्यता मिळून तेव्हा ३२ वर्षे झाली होती.