तंबाखू वगळली, तरी सुपारी उरते

भांडुप स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडून लालबहादूर शास्त्री मार्गाकडे चालू लागलं, की दर थोड्या अंतरावर पानाची टपरी दिसते. तिथं येणारं गिऱ्हाईक मनातल्या मनात मालाचे दोन भाग करतं. तंबाखू असलेलं ते व्यसन आणि नुसती सुपारी म्हणजे तोंडाला चाळा. तंबाखूनं कॅन्सर होतो हे आता शाळेतली पोरंही सांगतात. सुपारीचं तसं नाही. ती पूजेत गणपती म्हणून मांडली जाते, लग्न ठरलं की फोडली जाते, जेवणानंतर पाहुण्यांपुढे तबकात येते. एवढी मानाची वस्तू रोग कशी देईल, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण ही समजूत चुकीची आहे. ती चुकीची आहे हे कळलं ते तोंडाच्या आतल्या अस्तराचे छोटे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली आणि परीक्षानळीत तपासल्यामुळे. या कामाचा एक भाग भांडुपहून धीम्या लोकलनं गाठता येणाऱ्या परळमध्ये झाला आहे, तरीही आपल्या बोलण्यात त्याचा उल्लेख क्वचितच येतो.

ज्या आजारानं सुपारीवरचा संशय पक्का केला, त्याला डॉक्टर सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. रोगी एवढंच सांगतो, की तोंड उघडत नाही. सुरुवात जळजळीनं होते. रोजची आमटी तिखट लागू लागते, अधूनमधून बारीक फोड येतात. पुढं गालाची आतली गुलाबी कातडी पांढुरकी पडते आणि बोटानं चाचपलं तर आत उभे, ताठ पट्टे लागतात. निरोगी माणसाच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये त्याचीच तीन बोटं उभी मावतात. या रोग्याची आधी दोन मावतात, मग एक. शेवटी घास भरवणं, दात घासणं, जीभ बाहेर काढणं, सगळंच अवघड होऊन बसतं. गाठ नाही, रक्त नाही, फारशी वेदनाही नाही, म्हणून वर्षानुवर्षं कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही.

आधुनिक वैद्यकात या आजाराची नोंद तशी उशिरा झाली. 1952 मध्ये श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातला हा बदल मांडला. पाठोपाठ मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. जोशी यांनी तसेच रोगी पाहून त्याला सबम्युकस फायब्रोसिस हे नाव दिलं, आणि जगभर तेच रूढ झालं. 1956 मध्ये टाटा रुग्णालयातले पेमास्टर यांनी अशा काही रोग्यांच्या तोंडात पुढं कॅन्सर झाल्याचं नोंदवलं. त्यामुळे ही केवळ तोंड आखडण्याची कटकट उरली नाही. प्रश्न होता कारणाचा. परळचं टाटा रुग्णालय 1941 मध्ये सुरू झालं तेव्हापासून तिथल्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकरांकडे होती. आपल्या लोकांच्या चालीरीती आणि कॅन्सर यांचा संबंध शोधणं हा त्यांचा ध्यास. धोतराच्या घट्ट गाठीखाली कमरेवर होणारा कॅन्सर आणि खैनी ठेवण्याच्या जागी होणारा कॅन्सर यांवर त्यांनी 1945 मध्येच लिहिलं होतं. 1952 मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं, त्याचे पहिले संचालकही तेच. तिथं डॉ. कमल रणदिवे यांनी ऊतिसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली आणि डॉ. सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा विभाग.

आणि याच नामवंत प्रयोगशाळेनं आधी बोट दाखवलं ते मिरचीकडे! सिरसाट आणि खानोलकर यांनी 1960 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना आधी निकस आहारावर ठेवायचं, मग त्यांच्या टाळूला मिरचीतल्या कॅप्सेसिनचा लेप द्यायचा आणि तिथली ऊती तपासायची. तिथं तंतू वाढल्यासारखे दिसले. तर्क बाळबोध नव्हता. रोग्यांना तिखट सोसत नव्हतं, देश तिखट खाणारा होता आणि आहारही अपुरा. पण मिरची हे कारण असेल तर मिरचीवर जगणाऱ्या मेक्सिकोतही हा आजार दिसायला हवा. तिथं तो दिसत नाही. शिवाय लेपानं झालेला बदल रोग्याच्या गालातल्या बदलाइतका खोल नव्हता. तिखट न सोसणं हे आजाराचं लक्षण होतं, ते कारण समजलं गेलं. या मिरचीच्या प्रकरणाला मी कमी लेखत नाही. चूक तपासता येईल अशा रीतीनं मांडली होती, म्हणूनच ती खोडता आली. ‘सुपारी पचनाला चांगली’ यासारख्या समजुतीला अशी कसोटी कधी लागतच नाही.

मग सुपारीवर आरोप कसा ठेवायचा? त्यासाठी गालातला तुकडा जवळून पाहायला हवा. मसुराएवढा तो तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवतात, मेणाच्या ठोकळ्यात बसवतात आणि मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतके पातळ काप काढून काचपट्टीवर रंगवतात. निरोगी गालात वरचं अस्तर जाड असतं. त्याखालचे तंतू सैल आणि नागमोडी असतात, मधूनमधून रक्तवाहिन्या आणि त्याखाली स्नायू. रोग्याच्या कापात अस्तर झिजून पातळ झालेलं, त्याखाली गुलाबी रंगाचा सपाट, जवळपास पेशीहीन थर, रक्तवाहिन्या चेपलेल्या आणि स्नायूंची जागाही तंतूंनी घेतलेली. हा थर कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा. जखम भरून येताना जो वण पडतो, तोही मुख्यतः त्याचाच. म्हणजे या माणसाच्या गालात जखम नसताना वण पडत चालला आहे.

कोलॅजेन बनवणाऱ्या पेशींना फायब्रोब्लास्ट म्हणतात. शरीरात ते बनतं तसं मोडलंही जातं, आणि दोन्ही कामं तोलानं चालतात. सुपारी हा तोल दोन्ही बाजूंनी बिघडवते. 1981 मध्ये कॅनिफ आणि हार्वे यांनी लंडनमध्ये फायब्रोब्लास्टवर सुपारीचा अर्क घातला, तेव्हा कोलॅजेनचं उत्पादन वाढलं. सुपारीत ॲरेकोलिन नावाचं अल्कलॉइड असतं. विड्यातल्या चुन्यामुळे त्याचं ॲरेकायडिन होतं, तेही या खेळात सामील. दुसरीकडे सुपारीला तुरटपणा देणारी टॅनिनं कोलॅजेनला अशी चिकटतात, की ते मोडणाऱ्या विकरांना, म्हणजे एन्झाइमांना, ते पचत नाही. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते, ती तांब्याची. सुपारीत तांब्याचं प्रमाण इतर कवचफळांच्या मानानं बरंच जास्त असतं. चघळताना ते लाळेत उतरतं आणि रोग्यांच्या गालातल्या ऊतीतही ते वाढलेलं सापडलं आहे. आता लायसिल ऑक्सिडेज नावाचं एक विकर आहे. त्याला काम करायला तांबं लागतंच. त्याचं काम म्हणजे कोलॅजेनचे सुटे धागे एकमेकांत अडकवणं, काथ्याच्या सुट्या पेडांना पीळ आणि गाठ देऊन दोरखंड करावा तसं. 1990 च्या दशकात तपासलेल्या रोगग्रस्त ऊतींमध्ये हे विकरही वाढलेलं आढळलं. जास्त बनणं, कमी मोडणं, आणि जे आहे ते घट्ट बांधलं जाणं, अशी ही साखळी आहे.

इथं जाणकार वाचक हरकत घेईल. परीक्षानळीतल्या पेशी म्हणजे तोंड नव्हे. शिवाय प्रयोगशाळांचं आपसातही पटलेलं नाही. दक्षिण आफ्रिका आणि तैवानमधल्या काही संशोधकांना ॲरेकोलिनमुळे फायब्रोब्लास्ट वाढण्याऐवजी मरताना दिसले. हरकत खरी आहे. मात्रा वाढवली की ॲरेकोलिन पेशींना विषारी ठरतं, हे उघड झालं. पण तेवढ्यानं कोडं सुटत नव्हतं. फायब्रोब्लास्ट मरत असतील तर वण कोण तयार करतं? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पतुरु कोंडय्या आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये यावर एक पटणारं उत्तर मांडलं. सुपारी आधी गाठते ती वरच्या अस्तराच्या पेशींना. त्या टीजीएफ-बीटा नावाचा रासायनिक निरोप सोडतात आणि तो मिळाल्यावर खालचे फायब्रोब्लास्ट कोलॅजेन विणू लागतात. वर झीज आणि खाली दाट विणकाम हे काचपट्टीवरचं विचित्र चित्र त्यामुळे एका सूत्रात बसतं. निष्कर्षांमधला हा विरोध शास्त्राचा कमकुवतपणा समजला जातो. इथं मात्र पुढचा प्रश्न त्यातूनच सुचला.

दुसरी हरकत उलट्या दिशेनं येते. लोकांना विचारून, मोजून कारण कळत असेल तर रेणूंच्या मागं लागायचं कशाला? मोजणीचं काम मुंबईतच, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागानं केलं. फली मेहता, प्रकाश गुप्ता, मूर्ती, भोसले, दफ्तरी या मंडळींनी गावोगाव तोंडं तपासली. पुणे जिल्ह्यातल्या त्यांच्या पाहणीत 1,01,761 गावकरी होते. 1990 मध्ये त्यांनी रोगी आणि निरोगी यांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा सबम्युकस फायब्रोसिसचा संबंध सुपारीशी ठळकपणे दिसला. पण आपल्याकडे सुपारी बहुतेकदा तंबाखूच्या संगतीत खाल्ली जाते. दोघांपैकी कुणी काय केलं हे नुसत्या मोजणीतून वेगळं काढणं जिकिरीचं. फ्रान्समधल्या ल्यों इथल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 1985 मध्ये तंबाखूसह विड्याला कर्ककारक ठरवलं. बिनतंबाखूच्या विड्याबद्दल मात्र पुरावा अपुरा आहे, असा शेरा मारला. पुढं तैवानचा पुरावा आला, जिथं विड्यात तंबाखू घालतच नाहीत, आणि प्राण्यांवरचे व पेशींवरचे निष्कर्षही त्याला जोडले गेले. ल्योंच्या संस्थेच्या 2004 च्या ग्रंथात बिनतंबाखूचा विडा आणि खुद्द सुपारी, दोन्हींची नोंद माणसाला कॅन्सर करणारे पदार्थ अशी झाली. संबंध आहे हे मोजणी सांगते. तो योगायोग नाही, हे सांगायला ऊती लागतात. त्याच संस्थेनं 2020 मध्ये एकट्या ॲरेकोलिनला मात्र ‘शक्यता आहे’ एवढ्याच वर्गात ठेवलं. एका रेणूवर सगळं खापर फोडायचं तिनं टाळलं, हे मला तिच्या निष्कर्षांवर विश्वास ठेवण्याचं आणखी एक कारण वाटतं.

‘आमची आजी नव्वदीपर्यंत विडा खायची, तिला काही झालं नाही’ हे ऐकवल्याशिवाय सुपारीवरची चर्चा संपत नाही. आजीचं उदाहरण खोटं नाही, पण त्यातून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. जोखीम म्हणजे खात्री नव्हे. प्रत्येकाची पेशी सारख्याच जोरानं निरोप सोडत नाही. केरळातल्या एर्नाकुलममध्ये सबम्युकस फायब्रोसिसच्या 66 रोग्यांचा सतरा वर्षं पाठपुरावा झाला, त्यात 7.6 टक्क्यांना तोंडाचा कॅन्सर झाला. म्हणजे बहुतेक वाचले, पण पाच जण गेले त्या वाटेनं, आणि ते पाच कोण हे आधी कुणालाच सांगता आलं नसतं. शिवाय आजीची सुपारी आणि पुडीतली सुपारी यांत फरक आहे. आजी अडकित्त्यानं कातरून, पानात घालून, जेवणानंतर खायची. पुडीत पान नसतं, सुपारी वाळलेली आणि दाट, आणि रिक्षाच्या स्टँडवर किंवा कारखान्याच्या पाळीत ती दिवसभर गालात राहते. ऊतीला कळते ती मात्रा आणि वेळ.

मग एवढं कळून रोग्याला काय मिळालं, हा प्रश्न जास्त बोचरा आहे. खरं सांगायचं तर तयार झालेला वण पुसून टाकणारं औषध अजून नाही. गालात स्टेरॉइड किंवा हायल्युरोनिडेजची इंजेक्शनं देतात, तोंड उघडण्याचे व्यायाम सांगतात, फार झालं तर शस्त्रक्रिया करतात. सुपारी सोडली की जळजळ कमी होते, आजाराची चाल मंदावते, पण आखडलेला गाल पूर्ववत होत नाही. का होत नाही, याचं उत्तर वरच्या साखळीत आहे. तांब्याच्या विकरानं एकदा बांधलेलं कोलॅजेन शरीराला सहज सोडवता येत नाही. म्हणूनच आता ते बांधलं जाण्याआधीच विकराला थोपवता येईल का, हे तपासलं जात आहे. कॅन्सरच्या बाजूनं पाहिलं, तर नवी मुंबईतल्या खारघरचं ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची जैववैद्यकीय जीनोमिकी संस्था यांनी 2013 मध्ये गाल आणि हिरडीच्या खाचेतल्या कॅन्सरमधले जनुकीय बदल प्रसिद्ध केले. टीपी53, कॅस्प8, एचआरएएस ही नावं सामान्य वाचकाला नकोशी वाटतील. पण पाश्चात्य देशांत तोंडाचा कॅन्सर बहुधा जिभेवर किंवा तिच्याखाली होतो आणि आपल्याकडे पुडी ठेवण्याच्या जागी. तिथल्या रोग्यांवर बेतलेल्या माहितीवर आपण विसंबून राहू शकत नाही, हे त्या कामानं दाखवलं.

कायद्याचं गाडं मात्र अजून तंबाखूभोवतीच फिरतं. खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घालू नये, हा 2011 चा केंद्रीय नियम गुटख्याविरुद्ध वापरला गेला. महाराष्ट्रानं 2012 मध्ये गुटख्याबरोबर पानमसाल्यावरही बंदी आणली, हे राज्याच्या बाजूनं नोंदवायला हवं. पण त्या केंद्रीय नियमाच्या तर्कानं पुडीतली तंबाखू काढली की उरतो तो खाद्यपदार्थ. उत्पादकांनी हे चटकन ओळखलं आणि देशात अनेक ठिकाणी मसाल्याची एक आणि तंबाखूची एक अशा जोडपुड्या निघाल्या. सुपारीवर सरसकट बंदी घाला असं मी म्हणत नाही. श्रीवर्धन-अलिबागच्या वाड्यांमधल्या कुटुंबांचं पोट तिच्यावर आहे, आणि पूजेतली सुपारी कुणी चघळत बसत नाही. पण तपासणीत तरी तिचं नाव घेता येईल. भांडुपच्या एखाद्या आरोग्य शिबिरात किंवा शाळेत तीन बोटांची चाचणी करायला पैसाही लागत नाही. मात्र तिथं ‘तंबाखू खाता का?’ एवढंच विचारलं, तर दिवसाला दहा पुड्या बिनतंबाखूची सुपारी चघळणारा मुलगा ‘नाही’ म्हणेल, आणि ते खरंच असेल.