भजनी मंडळाची पहिली पेटी कशी घ्यावी?

आपल्या नारायणगडाला धाकटी पंढरी म्हणतात. इथं टाळ वाजवता येत नाही अशी बाई शोधून सापडायची नाही. पण पेटी बहुतेक गावांत पुरुषांच्या मंडळाचीच. आपण ती मागून आणतो आणि नेमकं एकादशीला, सप्त्याला त्यांनाही ती लागते. मग आपलं भजन टाळावरच भागतं. म्हणून गटागटांतून आता विचारणा होते, की ताई, आपली स्वतःची पेटी घ्यायची तर कोणती घ्यावी? आज त्याबद्दलच बोलू.

दुकानात जायच्या आधी एक काम घरी करायचं. आपला ‘सा’ ठरवायचा. पेटीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात. काळी एक, काळी चार, पांढरी चार ही त्यांचीच नावं. साधारणपणे पुरुषांचा आवाज काळी एक-दोनच्या आसपास बसतो, बायकांचा काळी चार-पाचच्या आसपास. पुरुषांनी लावलेल्या सुरात आपण गायला लागलो, की खालच्या ओळीला आवाज गुदमरतो, नाहीतर वरच्या ओळीला फाटतो. आपल्याला वाटतं, आपला गळाच चांगला नाही. गळा चांगलाच असतो, सूर दुसऱ्याचा असतो.

ठरवायचं कसं? मोबाइलवर तानपुऱ्याचं फुकट अ‍ॅप मिळतं. त्यात काळी तीन लावा. जनाबाईंचा नेहमीचा एखादा अभंग घ्या आणि त्यातली सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची ओळ सगळ्याजणी म्हणून बघा. मग काळी चार, काळी पाच. ज्या सुरात जास्तीत जास्त जणींना दोन्ही ओळी न ताणता म्हणता येतात, तो आपल्या मंडळाचा सूर. वहीत लिहून ठेवा.

आता पेटीकडे येऊ. पेटी मुळात आपल्याकडची नाही. १८४२च्या सुमारास पॅरिसमध्ये दबँ नावाच्या कारागिरानं ती तयार केली. तिचा भाता पायानं हलवावा लागे. १८७५च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हातानं भाता मारायची पेटी केली आणि मांडी घालून बसणाऱ्या आपल्या लोकांनी ती उचलून धरली. आकाशवाणीनं मात्र १९४० ते १९७१ पर्यंत पेटीला बंदी घातली होती. दोन सुरांच्या मधली मींड तिच्यावर निघत नाही, अशी जाणकारांची तक्रार होती. भजनाचं तिच्यावाचून अडत नव्हतं, पण गावोगावी मंडळांनी तिला सोडलं नाही.

पेटीच्या आत पितळेच्या पातळ जिभा असतात, त्यांना रीड म्हणतात. भात्याची हवा गेली की जीभ थरथरते आणि सूर निघतो. एका पट्टीला एकच रीड असेल तर आवाज बारीक येतो, मंडळात तो टाळांखाली दबतो. दोन रीडची, म्हणजे खर्ज आणि नर असलेली पेटी पहिल्यांदा पुरेशी होते. तीन रीडचा आवाज भरदार असतो, पण तिला हवा जास्त लागते आणि नव्या हाताची दमछाक होते.

दुकानदार ‘स्केल चेंजर’ दाखवील. त्यात पट्ट्यांची फळी सरकवून सूर बदलता येतो. सोय चांगली आहे, पण पेटी जड होते, महाग पडते आणि आतली कळ बिघडली तर कारागीर जवळ मिळत नाही. त्याऐवजी आपल्या ठरलेल्या सुरातच बोटं बसवावीत. आपला सा काळी चार असेल तर शुद्ध स्वर असे येतात: काळी चार, काळी पाच, मग पुढच्या सप्तकातली पांढरी एक, काळी एक, काळी दोन, पांढरी चार, पांढरी पाच, आणि परत काळी चार. महिनाभर रोज अर्धा तास हेच वाजवलं की बोटांना वाट कळते.

पेटी घेताना चार गोष्टी तिथंच तपासा. पहिली, भाता भरा आणि एकही पट्टी दाबू नका. आपोआप सूर वाजला तर एखादी पट्टी नीट बसत नाही. आवाज न येता भाता भराभर खाली बसला तर हवा गळते आहे. दुसरी, प्रत्येक पट्टी एकेक करून दाबा. सूर लगेच यावा, खरखरू नये, आणि बोट उचलताच पट्टी वर यावी. तिसरी, तिन्ही सप्तकांतला सा एकामागून एक वाजवून तानपुऱ्याशी ताडून बघा. चौथी, दोघींनी पेटी उचलून बघा. दिंडीत ती आपल्यालाच वाहायची आहे.

जुनी पेटी वाईट नसते. फक्त वाजवणारं माणूस सोबत न्या आणि सूर मिळवून द्यायचा खर्च आधी विचारा. पखवाज पुढं घ्याल तेव्हा तोही आपल्याच सुराचा मागा. मोठ्या तोंडाचा, खालच्या सुरात लागणारा पखवाज ओढून काळी चारला आणायला गेलं तर पुडीवर ताण येतो.

आता पैशाचं. गटाची बचत आणि अंतर्गत कर्जाचा पैसा पेटीला लावू नका. तो अडीनडीच्या बाईचा आहे. वेगळी वर्गणी काढा, बैठकीत ठराव घ्या, तीन दुकानांचे भाव लेखी आणा आणि पावती मंडळाच्या नावानं घ्या. पावती एकीच्या नवऱ्याच्या नावानं झाली, तर उद्या पेटी कुणाची यावर वाद होतो. २०२५च्या गणेशोत्सवात राज्य सरकारनं १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५ हजार रुपये भांडवली अनुदान जाहीर केलं होतं. अशी योजना पुन्हा निघाली तर ठराव, सभासदांची यादी आणि पावत्या तयार असलेलं मंडळ मागं राहत नाही.

पेटी आणल्यावर तिला जमिनीवर ठेवू नका. पावसाळ्यात ओलीनं लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात. उंदीर भाता कुरतडतात. वाजवून झालं की भात्याच्या कड्या लावा आणि कापड झाका. आत तेल मुळीच सोडू नका.

आणि शेवटचं. पेटी एकीच्याच हातात ठेवू नका. दोघी-तिघींनी शिका. एकीच्या घरी पाहुणे आले, एकीला शेतावर जावं लागलं, तरी सोमवारचं भजन व्हायला पाहिजे. पुढच्या बैठकीत हिशोब झाला की तानपुरा लावा आणि आपला सा तेवढा शोधून ठेवा. राम कृष्ण हरी.