मध्यस्थाचा अंमल

पेशीच्या कारभारात काही प्रथिने अशी असतात की ती स्वतः कोणतीही रासायनिक क्रिया घडवीत नाहीत. एकाकडून आलेली वर्दी दुसऱ्याच्या हाती पोहोचती करणे, एवढाच त्यांचा अधिकार. १९९० साली प्रथम वर्णिलेले 'मायडी ८८' हे त्यांतलेच एक असून त्याचा वृत्तान्त मला विशेष मननीय वाटतो, कारण या मध्यस्थाचा अभाव आणि अतिरेक हे दोन्ही मनुष्याच्या जिवावर बेतू शकतात.

जंतूंचे अंश ओळखणाऱ्या टोल-सदृश ग्राहींना चाहूल लागली, म्हणजे सहा मायडी ८८ रेणू मळसूत्राच्या आकारात एकत्र येतात, त्यांच्याशी आठ किनेज विकरे जोडली जातात, आणि तेथून निघालेला संकेत केंद्रकापर्यंत जाऊन दाहकारक जनुकांना जागृत करितो. हे प्रथिन ज्यांना जन्मतःच लाभले नव्हते अशा बालकांची हकीकत २००८ साली प्रसिद्ध झाली. न्यूमोकोकस, स्टॅफिलोकोकस अशा पूजनक जंतूंपुढे ती हतबल होत, काही दगावलीही. परंतु इतर बहुतेक जंतूंशी ती चारचौघांसारखीच झुंजत, आणि जी वाचली त्यांचे आजार वयाबरोबर ओसरत गेले.

याची दुसरी बाजू १९४४ साली स्वीडनच्या यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी वर्णिलेल्या रक्तरोगात दिसते. त्यात अस्थिमज्जेतील लसिकापेशी बेसुमार वाढून आयजीएम प्रतिपिंडांचा असा वर्षाव करितात की कित्येकांचे रक्त दाट होऊन दृष्टीही मंदावते. २०१२ साली बॉस्टनच्या स्टीव्हन ट्रेऑन यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या या पेशींत मायडी ८८ मधील २६५व्या स्थानी ल्युसीनऐवजी प्रोलीन आलेले असते. एवढ्याशा फेरफाराने जंतू नसतानाही रेणूंची जुळणी होत राहते, आणि पेशीला जगण्या-वाढण्याची आज्ञा अखंड मिळते. लक्षणांनी सारख्या दिसणाऱ्या इतर रोगांपासून हा रोग वेगळा ओळखण्यास या खुणेचा आता मोठा आधार झाला आहे.

विकराप्रमाणे औषधाने बुजवावी अशी क्रियाशील खाच या मध्यस्थापाशी नसल्यामुळे वैद्यांनी त्याच्या पुढच्या टप्प्यावरील बीटीके या विकरास हात घातला, व ते रोधणाऱ्या इब्रुटिनिबला २०१५ साली अमेरिकेत या रोगासाठी मान्यता मिळाली. रेणूंची जुळणीच मोडणारे औषध निघाले, तर त्याने शरीर जंतूंपुढे उघडे पडेल, ही धास्ती रास्त आहे. तथापि हा रोग बहुधा साठीनंतरचा, आणि ती बालके मोठेपणी मायडी ८८ वाचूनही तगली, हे ध्यानी घेता तो प्रयत्न निर्धाराने व्हावा, असे माझे मत आहे.